‘मिशन रानीगंज’ चालला नाही, म्हणून समीक्षक देशद्रोही?

आमचे मामा सहसा ‘शुभ सकाळ’च्या पुढे जात नाहीत. काल त्यांनीही तो फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकला, म्हणून लिहिणं आलं. त्यातला मजकूर असा: ‘मिशन रानीगंज’ (२०२३) हा सिनेमा समीक्षकांनी मुद्दाम पाडला, कारण खाण अभियंता जसवंतसिंग गिल यांचा पराक्रम त्यांना बघवत नाही, खाणीतून कॅप्सूलने माणसं काढणं जगात पहिल्यांदा गिल यांनी केलं आणि चिलीने ते चोरलं, रानीगंजला एकही जीव गेला नाही, भारताने सिनेमा ऑस्करला पाठवला तर तिथेही लॉबी आडवी आली. खाली अर्थातच ‘खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा’.

आधी समीक्षकांचं घेऊ. त्यांच्या मुख्य तक्रारी काय होत्या? व्हीएफएक्स (संगणकावर बनवलेली दृश्यं) कच्चे आहेत आणि भावनांचा मारा फार आहे. सुटकेचा थरार जमलाय, हेही त्यातल्याच अनेकांनी लिहिलं. यात गिल यांचा अपमान कुठे झाला? परीक्षण टिनू सुरेश देसाईंच्या सिनेमाचं होतं, गिल यांच्या छातीचं नव्हे. आणि समीक्षकांच्या म्हणण्यावर सिनेमे पडत असते, तर त्यांनी झोडपलेल्या सिनेमांनी शेकडो कोटी कमावलेच नसते.

मूळ घटना बघा. नोव्हेंबर १९८९, पश्चिम बंगालमधल्या रानीगंजची महाबीर कोळसा खाण. पाणी घुसलं आणि माणसं खाली अडकली. वरून जेमतेम २२ इंचांचं भोक पाडलं, त्यातून जाईल अशी साधारण अडीच मीटर उंचीची पोलादी कॅप्सूल बनवून घेतली. आत एकच माणूस, तोही अंग चोरून उभा. त्यात बसून गिल स्वतः खाली उतरले आणि एकेकाला वर पाठवत राहिले. एवढं नाट्य आयतं हाताशी असताना वर आणखी ढोल कशाला बडवायचे, हे समीक्षकाने नाही विचारायचं तर कोणी?

‘जगात पहिल्यांदा’ तर निव्वळ थाप. जर्मनीत लेंगेडे इथली खाण १९६३ साली अशीच पाण्याने भरली होती, तिथले ११ जण भोकातून कॅप्सूल सोडूनच वर काढले. रानीगंजच्या २६ वर्षं आधी! ती कॅप्सूल त्याही आधीची, १९५५ची, ‘डालबुश बॉम्ब’ नावाची. तेव्हा २०१० साली चिलीने ३३ जणांना काढलं ते आपली नक्कल करून, हे म्हणायला आधार काय? हां, हाताशी तयार काही नसताना ६५ माणसं जिवंत काढणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि सिनेमा आला नसता तर आपल्यातल्या बहुतेकांना गिल हे नावही कळलं नसतं. तेवढं कबूल.

पण ‘एकही जीव गेला नाही’ वाचून मात्र डोकं फिरलं. अडकले होते ७१. सहा जण गेले. गौरवाच्या भरात त्यांना सरळ पुसून टाकायचं? सगळे सुखरूप आले म्हटलं की खाणीत पाणी शिरलंच कसं, हे विचारायची कुणाला गरजच उरत नाही.

ऑस्करचं दोन वाक्यांत. त्या वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका होती मल्याळम सिनेमा ‘२०१८’. ‘मिशन रानीगंज’ निर्मात्यांनी स्वतंत्रपणे पाठवला होता. मामा, हे तरी पुढे पाठवा.