‘एका शब्दात सांगा, कायदेशीर की बेकायदा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चार दिवसांपूर्वीच वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं, म्हणून थांबले. तुम्ही नाव न देता ‘एक सजग सभासद’ अशी सही केली आहे, ती तशीच राहू दे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसायाला मान्यता दिली’ हे मागच्या लेखातलं माझं वाक्य चूक आहे. धंदा कायदेशीर असेल तर पोलीस छापे कशाला घालतात, हे मी एका शब्दात सांगावं. कर्वेनगरला तुमच्या सोसायटीत दोन बायका भाड्याच्या फ्लॅटमध्ये ‘तसला प्रकार’ करत होत्या. तुम्ही तक्रार केलीत, छापा पडला, आणि चार महिन्यांत त्यातली एक कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना दिसली. माझ्यासारख्या ‘लॅपटॉपवाल्या समाजसेविकांना’ मुलींची तस्करी दिसत नाही. आणि शेजारी राहावं लागलं की मला कळेल.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. मी पेपरातला मथळा उचलला होता. ते वाक्य आजच बदललं. तो आदेश १९ मे २०२२ चा, बुद्धदेव कर्मास्कर खटल्यातला. मूळ प्रकरण १९९९ साली कोलकात्यात झालेल्या एका देहविक्री करणाऱ्या बाईच्या खुनाचं. आरोपीचं अपील २०११ मध्ये फेटाळल्यावर कोर्टाने या बायकांच्या पुनर्वसनाचा विषय स्वतःहून हातात घेतला आणि समिती नेमली. अकरा वर्षांनी न्या. नागेश्वर राव, गवई आणि बोपण्णा यांच्या पीठाने, संसद कायदा करेपर्यंत म्हणून, संविधानाच्या अनुच्छेद १४२ मधल्या आपल्या खास अधिकाराखाली राज्यांना सूचना दिल्या. पोलिसांनी या बायकांना माणसासारखं वागवावं, कंडोम पुरावा म्हणून धरू नये, छाप्याच्या बातमीत कुणाची ओळख उघड होऊ नये, अशा. समितीच्या काही शिफारशींवर केंद्राची हरकत होती. त्या बाजूला राहिल्या. ‘मान्यता’ हा शब्द या सगळ्यावर बसत नाही, हे मान्य.

पण तुमचा ‘एक शब्द’ मला देता येणार नाही, कारण कायद्यातच तो नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस आणि पेपरवाले ‘पिटा’ म्हणतात, तो वाचून पाहा. सज्ञान बाईने स्वखुशीने पैसे घेऊन संग केला एवढ्यासाठी तिला शिक्षा, असं कलम त्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हेच लिहिलं. मालाडच्या छाप्यात ताब्यात घेतलेल्या २०, २२ आणि २३ वर्षांच्या तीन मुलींना खालच्या कोर्टाने एक वर्ष सुधारगृहात ठेवायला सांगितलं होतं, न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी (माजी मुख्यमंत्री नव्हेत) तो आदेश रद्द केला.

मग छापे कशासाठी? बाईचं कृत्य कायद्याने सोडून दिलं, पण ते जिथे आणि ज्यांच्या सोबतीने होतं ते सगळं धरलं. कुंटणखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घरवाली, दलाल आणि रांगेने खोल्या येतात. कायद्याची व्याख्या त्याहून पुष्कळ रुंद आहे. दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी वापरलेली जागा तर आहेच, पण दोन किंवा अधिक बायकांनी आपसांतल्या फायद्यासाठी वापरलेली खोलीही कुंटणखानाच. म्हणजे एकटी बाई स्वतःच्या घरात स्वतःपुरतं करते तेव्हा तो कुंटणखाना नाही. रात्री एखादा दारुडा अंगावर आला तर हाकेला असावी म्हणून तिने याच धंद्यातली मैत्रीण सोबत घेतली, की झाला. कुंटणखाना चालवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं सक्तमजुरी आहे, आणि माहीत असून जागा देणारा घरमालकही आत जाऊ शकतो. तुमच्या फ्लॅटमध्ये दोघी होत्या. एकच असती तर पोलिसांना दुसरं कलम शोधावं लागलं असतं.

आणि ते सापडतं. कलम ७ प्रमाणे देऊळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय चालत नाही. पुण्यातल्या पेठांमध्ये एखादी जागा दाखवा, जिथून २०० मीटरवर देऊळ नाही! ही वस्ती ज्या बुधवार पेठेत आहे तिथेच तांबडी जोगेश्वरी आहे, पासोड्या विठोबा आहे, दगडूशेठ आहे. पलीकडे अप्पा बळवंत चौकात नूमवि शाळा. २०२१ साली नागपुरात गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीला पोलिसांनी बॅरिकेड लावले, तेव्हाही याच कलमाचा आधार होता. कलम ८ तर खिडकी आणि बाल्कनी असे शब्द लिहूनच सांगतं की तिथे बसून गिऱ्हाइकाला खुणावणं हा गुन्हा. त्यात बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. हा फरक कुणाच्या डोक्यातून आला असेल, मला खरंच कुतूहल आहे.

कमाईवर जगण्याचंही कलम आहे. जाणूनबुजून त्या पैशावर जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही त्यात येतो, म्हणजे कॉलेजात जाणारा तिचा मुलगासुद्धा.

आता लॅपटॉपबद्दल. सात-आठ वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका मसाज पार्लरवर छापा पडला, तेव्हा मी पंच होते. विनावॉरंट झडतीला त्या भागातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात आणि त्यात एक तरी बाई हवी. ओळखीच्या हवालदारांनी आईला विचारलं होतं. तिचे गुडघे धरलेले, म्हणून मी गेले. बनावट ग्राहकाला दिलेल्या पाचशेच्या नोटांचे नंबर आमच्यासमोर लिहिले. आम्ही समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे. मिस्ड कॉल आला की वर जायचं. गेलो तर फोटोवाला आमच्याआधी जिन्यात हजर. आत तीन बायका, त्यातली एक डबा खात होती. महिला पोलीस दोन हव्यात असं कायदा म्हणतो; एकच आली होती. काउंटरवरचा मॅनेजर सोफ्यावर बसून होता, बायकांना मात्र तोंडावर ओढण्या घेऊन भिंतीशी उभं केलेलं. डबा खाणारी मला पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होती की मुलीची व्हॅन साडेपाचला येते आणि घराला कुलूप आहे. मी ते साहेबांना सांगितलं. ‘बघू,’ म्हणाले. पंचनाम्यावर सही करून मी घरी आले तेव्हा साडेसात झाले होते. सकाळी पेपरात ‘तीन महिलांची सुटका’.

साक्षीला मला आजवर बोलावणं आलेलं नाही.

तस्करीचा मुद्दा मी टाळणार नाही. मुली फसवून आणल्या जातात, विकल्या जातात. अल्पवयीन असेल तर तिच्या संमतीला शून्य अर्थ आहे. असं काही दिसलं तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ लावा, माझ्या लेखाची वाट बघू नका. पण हेही पाहा, की ज्या बायकांना नवी मुलगी कुठून आणली, कुणी आणली हे सगळ्यात आधी कळतं, त्याच पोलिसांना घाबरून असतात. खबर दिली तर उद्या आपल्याच खोलीला टाळं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका आणि पुण्यात सहेली संघाच्या बायका संघटित होऊन बोलतात, त्या काय सांगतात ते तरी ऐकावं.

तुमच्या सोसायटीत रात्री-अपरात्री अनोळखी माणसं लिफ्टमध्ये भेटत असतील तर त्याचा त्रास खरा आहे, आणि मी त्याला नाक मुरडणार नाही. माझं लहानपण शुक्रवार पेठेत गेलं. शाळेतून येताना कोणत्या गल्लीतून वळायचं नाही हे आम्हाला पाढ्यांबरोबरच शिकवलं होतं. शेजार म्हणजे काय ते मला माहीत आहे.

एक विचारायचं राहिलं. पकडलेल्या बाईला कलम १७ प्रमाणे मॅजिस्ट्रेट चौकशीअंती एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतो, तिने कुठलाही गुन्हा केलेला नसला तरी. तुमच्या फ्लॅटमधली एक परत दिसली म्हणता. दुसरी कुठे आहे? सोसायटीत कुणाला ठाऊक असेल तर कळवा.