भिशीचा डबा

आमच्या गावच्या भिशीत 12 मेंबर. दरमहा प्रत्येकी 2,000 रुपये, म्हणजे ज्याची लागेल त्याला 24,000. एप्रिलला सुरू, मार्चला खतम. नियम एकच, पण पक्का. निघालेली चिठ्ठी तिथंच फाडायची, परत डब्यात टाकायची नाही.

त्यात आमच्या घरच्या दोन चिठ्ठ्या, एक माझी, एक हिची. मिरगाच्या आधी पैसा हाती पडला की सरकीच्या थैल्या आणि खत रोखीनं, नाहीतर कृषी केंद्राच्या उधारवहीत आपलं नाव. मी शाळेत गणित शिकवतो हे हिला अशाच वेळी आठवतं.

"काय जी, जूनपर्यंत आपली लागते का नाई, हिशेब करा बरं."

केला. एप्रिलला आपली न लागण्याची शक्यता 10/12. नाहीच लागली, तर मेमध्ये चिठ्ठ्या उरल्या 11, त्यात दुसऱ्यांच्या 9, म्हणजे 9/11. जूनला 8/10. गुणाकार 6/11. तेवढी न लागण्याची, तर लागण्याची 5/11.

"शेकडा पंचेचाळीस," मी म्हणालो.

"ते नाई इचारलं. लागते का नाई?"

एप्रिलची भिशी काकूंच्या ओसरीवर. पहिली चिठ्ठी काढायला कोणाचं लेकरू बसवायचं यावर अर्धा तास गेला, कारण पहिल्या महिन्यातच खरा चान्स असतो असं सगळ्यांचं ठाम मत. माझ्यातला मास्तर उठला. खडू मागितला, फरशीवर लिहिलं: पहिल्या महिन्यात नंबर लागायचा चान्स 1/12. दुसऱ्या महिन्यात लागायचा तर आधी पहिल्यात हुकायला पाहिजे, म्हणून 11/12 गुणिले 1/11. वरचे 11 खालच्या 11 शी कटले, उरलं 1/12. कोणताही महिना घ्या, सुरुवातीला बसून पाहिलं तर सारखंच.

काकूंनी चष्मा वर केला. "मंग अकरा गेले कुठी?"

"कटले, काकू."

"आत्ता तं माह्या डोयासमोर होते!"

गेल्या साली एक चिठ्ठी फाडायची राहिली, डब्यात परत गेली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच नाव निघालं. त्या संध्याकाळी ओसरीवर जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण राग रास्तच होता. दर महिन्याला चिठ्ठी परत टाकत गेलं, तर वर्षभर पैसे भरूनही एकदाही नाव न निघण्याची शक्यता 11/12 चा बारावा घात, म्हणजे जवळपास 35 टक्के. बारातले सरासरी चौघं कोरडेच राहतात. फाडण्याला एवढं मोल आहे.

मला खरी धास्ती डब्याची. माझं सगळं गणित चिठ्ठ्या नीट मिसळल्या असं धरून चालतं, आणि आमच्याकडे डबा देवाच्या घंटीसारखा दोनदा हलवतात, झालं. 1969 च्या डिसेंबरात अमेरिकेत सैन्यभरतीची सोडत निघाली, 366 तारखांच्या 366 डब्या. महिन्यांच्या क्रमानं भरल्या, धड मिसळल्या नाहीत, आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या पोरांचे नंबर भराभर आधी लागले. हे मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "त्यायच्याकडं लेकरू नव्हतं का चिठ्ठी काढाले?"

एप्रिल गेला. मे गेला. जूनला डब्यात 10 चिठ्ठ्या, आमच्या 2, शेकडा 20. लागली ती जिच्या घरी शेताचा धुराही नाही अशा वहिनीला. त्यांनी कूलर घेतला, ऐन मिरगात. आम्ही थैल्या उधारीवर आणल्या. "ते तुमचे पाच आन् अकरा दुकानदाराले देऊन या," ही म्हणाली.

हिची पोळ्यानंतर लागली. माझी राहिली थेट मार्चला. डब्यात एकच चिठ्ठी, माझी, शक्यता 1. मी पैसे घ्यायला हात पुढं केला, तर काकूंनी डबा उचलून कानाजवळ खडखड हलवला, लेकराला डोळे मिटायला लावले आणि मला दरडावलं, "थांबा न मास्तर, काहून घाई करता? नाव तं निघू द्या!"