एलीयाला देवदूताने उपास सांगितला नव्हता

नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. विश्वासणाऱ्याला डिप्रेशन होत नाही. झालं तर तो दुष्टात्मा. गोळ्या म्हणजे अविश्वास आणि त्यांची सवय लागते. त्या आजच बंद करून बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यासारखा निर्जळी उपास करा, 21 दिवस, रात्री जागून प्रार्थनेसह. आणि डॉक्टरला मरणाचे विचार सांगाल तर पोलीस केस होईल. महिला मंडळाच्या ग्रुपवरून हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशी लिथियम घेते, म्हणजे बायपोलर आजारावरची गोळी. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक मुद्दा उपासाचा, आधी तोच घेऊ. मेसेज म्हणतो, एलीया 40 दिवस उपाशी चालला, तुम्हाला 21 जमत नाहीत? हे बायबलच्या 1 राजे या पुस्तकातल्या 19व्या अध्यायाचं आठवं वचन. लिहिणाऱ्याने चौथ्यापासून वाचायला हवं होतं. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसतो, आता पुरे, माझा जीव घे, असं परमेश्वराला म्हणतो आणि झोपी जातो. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. त्याला पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं जातं. विश्वास कमी पडला, असा चकार शब्द नाही. पुढची 40 दिवसांची चाल त्या अन्नाच्या बळावर झाली, हे त्या आठव्या वचनातच आहे. मरण मागणाऱ्या माणसाला देवाने जेवण, पाणी आणि झोप दिली. हा मेसेज नेमक्या त्याच तीन गोष्टी काढून घेतो.

आता शरीराचं बोलू. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड ते धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो, त्यात निर्जळी उपास म्हणजे विषबाधेला आमंत्रण. हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, जीभ जड होते, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. याला उपासाने होणारी शुद्धी समजू नका. पुढची गोळी न देता थेट मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा. उशीर झाला तर झटके येऊ शकतात, मूत्रपिंड आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जागरणाचंही तसंच. बायपोलर आजारात मन कधी खोल खचतं, कधी बेफाम चढतं; या चढण्याला मेनिया म्हणतात. असा आजार असलेल्याची दोन-तीन रात्री झोप गेली की मेनिया उसळू शकतो. मग तो भराभर बोलतो, झोप लागतच नाही, स्वतःला देवाचं खास पाचारण झाल्याचं सांगतो, आणि भोवतालचे म्हणतात पवित्र आत्म्याने भरला.

गोळ्यांची सवय लागते, यात थोडं तथ्य आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची लागते, म्हणूनच त्या मोजक्या दिवसांसाठी देतात. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची तलफ येत नाही. मात्र एकदम थांबवल्या तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं वाटणं, चिडचिड सुरू होऊ शकते. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीनने हे जास्त होतं. म्हणून डोस डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू उतरवायचा. फ्लुऑक्सेटीन शरीरात काही आठवडे टिकतं, त्यामुळे ते सोडल्यावर पहिले पंधरा दिवस बरे जातात. त्याच पंधरा दिवसांत, गोळी सोडली आणि देवाने बरं केलं, अशी साक्ष मंडळीत दिली जाते. आजार पुढच्या महिन्यांत उलटतो, तेव्हा माईकवर कोणी बोलवत नाही. सुरू करतानाही धीर लागतो, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. बरेचजण तिथेच सोडतात.

विश्वासणाऱ्याला डिप्रेशन होत नाही म्हणे! बायबलमधलं स्तोत्र 88 अंधारातच संपतं. यिर्मया संदेष्टा आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. गेथशेमाने बागेत येशू स्वतः म्हणतो की जीव मरणाएवढा खिन्न झाला आहे. आणि वैद्याची गरज दुखणाइताला असते, हेही त्याचंच बोलणं.

प्रार्थनेने, मंडळीत जाण्याने आधार मिळतो, हे मान्य. नियमित उपासनेला जाणाऱ्यांत डिप्रेशन काहीसं कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. पण आधार मिळतो म्हणून गोळी सोडा, हे त्यातून निघत नाही.

पोलीस केसची भीती तर निव्वळ थाप. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं सरकारचं कर्तव्य आहे. नुसता विचार बोलून दाखवला तर गुन्हा कुठला?

घरात कोणी मरणाचं बोलत असेल तर सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. शेतीचं औषध घरातून हलवा, गोळ्यांची पाकिटं दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही. महिला मंडळाला काही करायचंच असेल तर ओपीडीच्या रांगेत सोबत बसा, डबा न्या, आणि प्रार्थना तिथेच, आजारी बहिणीच्या शेजारी बसून करा.