पाच लाख सरकार देतं ना, मग वर्गणी कशाला?

हा मेसेज आता एका ट्रान्स मुलाच्या (जन्मनोंद मुलगी म्हणून, पण ओळख मुलगा) सख्ख्या मावशीनेच घरच्या ग्रुपवर टाकलाय. ज्याच्या सर्जरीसाठी पैसे जमवणं चालू आहे, त्याच्याच मावशीने. लगेच दोघातिघांनी कबूल केलेली रक्कम थांबवली. म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेज थोडक्यात असा: "लिंगबदलाच्या ऑपरेशनला सरकार 5 लाख रोख देतं. मेडिक्लेम असतोच. हे हौसेचं ऑपरेशन आहे. मागणाऱ्याचं नाव एक, खातं दुसऱ्याच नावाचं, म्हणजे सरळ फसवणूक. एक रुपयाही देऊ नका."

पाच लाखांचा आकडा हवेतला नाही, एवढं मान्य. ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि केंद्राचा सामाजिक न्याय विभाग यांच्यात करार झाला आणि आयुष्मान भारत टीजी प्लस या नावाने वर्षाला 5 लाखांचं संरक्षण जाहीर झालं. पण ते रोख नव्हे. आयुष्मानमध्ये पैसा रुग्णाच्या हातात येतच नाही, रुग्णालय परस्पर क्लेम करतं. त्यासाठी आधी ट्रान्सजेंडर असल्याचा दाखला लागतो. मग योजनेच्या यादीतलं रुग्णालय शोधायचं, आणि तेही त्या विशिष्ट विभागासाठी यादीत असलेलं. हृदयरोगासाठी नोंदलेलं रुग्णालय प्लास्टिक सर्जरी कार्डावर करून देईलच असं नाही.

शिवाय योजनेत मोजलं जातं ते भरती होण्याआधीचे 3 दिवस, प्रत्यक्ष भरती आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस. ओपीडीचा खर्च त्यात नाही. आता या सर्जऱ्या कशा असतात ते बघा. फॅलोप्लास्टीत, म्हणजे शिश्न तयार करण्याच्या सर्जरीत, बऱ्याचदा हाताच्या पुढच्या भागाची त्वचा रक्तवाहिन्या आणि नसांसकट घेतात. तिथले केस आधी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसने काढावे लागतात, कारण त्याच त्वचेची मूत्रनलिका बनते आणि आत केस उगवले तर मूत्रमार्ग तुंबतो, संसर्ग होतो. त्या सिटिंग महिनोन्महिने चालतात. सर्जरीही एका फटक्यात होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. फिस्टुला झाला, म्हणजे शिवणीतून लघवी झिरपू लागली, किंवा मूत्रमार्ग आकसला, तर पुन्हा टेबलावर. हे क्वचित घडतं असंही नाही. व्हजायनोप्लास्टीनंतर, म्हणजे योनी तयार करण्याच्या सर्जरीनंतर, पहिले काही महिने दिवसातून अनेकदा डायलेटर (मार्ग रुंद ठेवणारी कांडी) वापरावा लागतो, नाहीतर तयार केलेला मार्ग आकसतो. त्यात डायलेटरचा सेट, ड्रेसिंग, हार्मोन्स, दुसऱ्या शहरातली खोली, सोबत राहणाऱ्याचा खर्च आणि दीड-दोन महिने बुडालेला पगार आला. 15 दिवसांच्या हिशेबात यातलं काय बसतं ते मेसेजवाल्यांनीच सांगावं.

मेडिक्लेमचं उत्तर स्वतःच्या पॉलिसीत शोधा. खासगी आरोग्य विम्यात काय वगळायचं याचे ठरावीक शब्द विमा नियामकानेच घालून दिले आहेत. पॉलिसीच्या पुस्तिकेत 'कोड एक्स्क्ल 07' शोधा. लिंगबदलाचे उपचार, शस्त्रक्रियेसह, तिथे सरळ वगळलेले दिसतील. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना जो गटविमा देतात, त्यात ते मिळतात, पण घरोघरच्या साध्या पॉलिसीत ते धरून चालू नका.

आणि 'हौस' म्हणणाऱ्यांनी त्याच्याच खालचा 08 वाचावा. कॉस्मेटिक सर्जरी तिथे वेगळी लिहिली आहे. विम्याचे नियम लिहिणाऱ्यांनीसुद्धा दोन्ही एका खात्यात टाकलं नाही. 2019 च्या ट्रान्सजेंडर हक्क संरक्षण कायद्याचं कलम 15 तर ही शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचार सरकारच्या जबाबदारीत धरतं, त्यांच्या खर्चासाठी विमा योजना हवी असंही म्हणतं. हौशीसाठी संसद असं कलम लिहीत नाही. पुढे.

सगळ्यात जास्त नुकसान होतंय ते नावाच्या मुद्द्याने. दाढीवाल्या मुलाचा फोटो आणि खातं मुलीच्या नावाचं, झाला फ्रॉड! अहो, ट्रान्स माणसाचं नाव कागदावर बदलायला काय लागतं ते बघा. 2020 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. दाखल्याला 30 दिवसांची मुदत, त्यानंतर ओळखपत्राला 15. बरेच जण राजपत्रातही नावबदल छापून घेतात. मग आधार, मग पॅन, आणि शेवटी बँकेचं केवायसी. आधारवर नवं आणि पॅनवर जुनं नाव असलं, किंवा स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला, तरी गाडी अडते. म्हणून पैसे जमवताना खातं जुन्याच नावाचं असणं ही नेहमीची गोष्ट. रुग्णालयही नाव आधारवरून घेतं, त्यामुळे एस्टिमेटवरही, म्हणजे खर्चाच्या अंदाजपत्रकावरही, जुनंच नाव येतं.

तेव्हा पोस्टवरचं नाव बाजूला ठेवा. एस्टिमेटवरचं आणि खात्यावरचं नाव जुळतं का ते पाहा. एस्टिमेट लेटरहेडवर हवं, त्यात रुग्णाचा नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेचं नाव, सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल आणि खोलीचे दिवस वेगवेगळे लिहिलेले हवेत. नुसता एकच गोल आकडा असेल तर जरूर शंका घ्या. खात्री करायला फोन लावायचा तो पोस्टमधल्या नंबरवर नव्हे, रुग्णालयाच्या स्वतःच्या रिसेप्शनला. ते रुग्णाची माहिती परक्याला सांगणार नाहीत, सांगूही नये. पण अमुक नोंदणी क्रमांकावर डिपॉझिट भरता येईल का, एवढं विचारता येतं. आधारकार्ड जाहीर टाकायला मात्र सांगू नका. जुनं नाव आणि पत्ता चव्हाट्यावर आल्यावर काय होतं, हे त्या घराला भोगावं लागतं.

वर्गणीच्या नावाखाली लुबाडणारे असतात, नाही असं नाही. कर्करोगाच्या नावाने असतात, तसे इथेही. त्यावर उपाय एकच, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा, रिमार्कमध्ये नोंदणी क्रमांक घाला आणि पावती मागा. यात रुग्णाचाही फायदा आहे. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांच्या वर रक्कम स्वतःच्या खात्यात जमा झाली, की ती सगळीच करपात्र धरली जाते. रोख भरणार असाल तर 2 लाख किंवा त्याहून जास्त रुग्णालयाला घेताच येत नाही. आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली किंवा पैसे उरले, तर ते कोणाच्या खात्यात परत जाणार, हे डिपॉझिट भरतानाच लिहून घ्या.