डरकाळीचा भोंगा आणि न भिणारं डुक्कर

हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "वावरात वाघाच्या डरकाळीचा भोंगा रात्रभर लावा. वाघाची भीती जनावराच्या रक्तातच असते. एकदा भ्यालेलं डुक्कर, रोही (नीलगाय) पुन्हा फिरकत नाही. झटका मशीनवर पैसे कशाला घालता?"

रक्तातच? अर्धंच खरं. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं, तेव्हा भ्यायला लागली. फुलांना घाबरणारं माकड दाखवलं (व्हिडिओत जोडकाम करून), तर फुलांना मात्र भ्याली नाहीत. रक्तात शिकायची तयारी असते, शिकवणी बाहेरूनच लागते.

रात्रभर लावा म्हणे! सगळं फसतं ते इथेच. पहिल्या रात्री डुक्कर धुऱ्यावरूनच पळतं, हे कबूल. मग ते लांब थांबून ऐकू लागतं. डरकाळी होते, पण वाघाचा वास नाही, पाचोळा वाजत नाही, कुणी अंगावर येत नाही. थोड्याच दिवसांत ते भोंग्याच्या खांबाखाली उभं राहून घाटे खातं. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांवर हेच तपासलं. आवाज चालू असो की बंद, शॉक बसण्याची शक्यता सारखीच ठेवली, तर उंदीर त्या आवाजाला भ्याले नाहीत. ज्या आवाजावरून पुढचं काही ओळखता येत नाही, त्याला जनावर कशाला भिईल?

झटका मशीन म्हणजे वावराभोवतीच्या तारेत क्षणिक विजेचा झटका सोडणारं यंत्र. त्याचं उलट आहे. डुक्कर वाटेतली वस्तू नाकाने चाचपतं. खालची तार त्याच्या नाकाच्या उंचीवर असेल तर ओल्या नाकालाच झटका बसतो, तोही लगेच. पुढे नुसती तार दिसली तरी ते वळतं.

पण 'कायमचं' तेही नाही. बॅटरी उतरली किंवा वाढलेलं गवत तारेला टेकलं, की नाक लावूनही काही होत नाही, आणि भीती विझते. पुसली मात्र जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना खाण्याची खूण मिळताच लाळ सुटायची. खूण मिळूनही खाणं येईना, तेव्हा ती सवय विझली, पण काही काळाने आपोआप परतली. म्हणून मशीन बंद पडलं तर हंगाम गेला समजू नका. गवत काढा, चार्जिंग बघा, पुन्हा लावा.

मेसेजखाली कुणीतरी लिहितंच, "त्यापेक्षा डायरेक्ट लाइनची तार सोडा." म्हणजे मशीन न लावता थेट विजेच्या लाइनला जोडलेली तार. त्याने डुक्कर काही शिकत नाही, मरतं. पहाटे ओलिताला गेलेली माणसंही अशाच तारांनी मेलीत, वाघही मेलेत, आणि तो गुन्हा आहे.