मालकाने हप्ता भरला म्हणून खलाशाच्या मरणाचा पैसा मालकाचा होत नाही

रत्नागिरी-हर्णै पट्ट्यातल्या बोटमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "कामगाराचा विमा मालक काढतो, हप्ता मालक भरतो, मग पैसाही मालकाचाच. कामगाराचं काय जातं? सरकारने नियम कडक केले तर कोणी विमाच काढणार नाही." आंबा बागायतदार आणि काजू कारखानदारही तो पुढे पाठवतायत. म्हणून उत्तर देतो.

हप्ता भरेल त्याचा पैसा, हे आपल्या कायद्याला कधीच मान्य नव्हतं. पीएफला जोडलेली ईडीएलआय विमा योजना १९७६ पासून आहे. तिच्यात मालक पगाराच्या अर्धा टक्का भरतो, कामगाराचा एक पैसा जात नाही, तरी तो गेला तर ७ लाखांपर्यंतची रक्कम त्याच्या नॉमिनीला मिळते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, गेला की बोट बंदरात अडकते, तिथे मालकाचा तोटा खरा आहे आणि अशा माणसासाठी कीमॅन विम्याची, म्हणजे ज्याच्यावाचून धंदा अडतो त्याच्या मरणाचा पैसा धंद्याला देणाऱ्या विम्याची, सोय आहेच. पण जाळं ओढणाऱ्या खलाशाच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहतो. त्याच्या मरणात मालकाचे लाखो रुपये कुठे बुडतात?

"कामगाराचं काय जातं?" हा प्रश्न सगळ्यात वाईट. लाइफ जॅकेट घ्यायची की नाही, वारा सुटला असताना बोट सोडायची की नाही, हे जो ठरवतो त्यालाच खलाशाच्या मरणातून पैसा मिळता कामा नये. अमेरिकेत वॉलमार्टने १९९० च्या दशकात साध्या कर्मचाऱ्यांचे लाखोंच्या संख्येने विमे काढले. लाभार्थी कंपनी होती, अनेकांना पत्ताच नव्हता. प्रकरणं कोर्टात गेली. शेवटी २००६ च्या कायद्याने करसवलत हवी असेल तर कर्मचाऱ्याला आधी लेखी कळवून त्याची लेखी संमती घेण्याची अट घातली.

आमच्या जेट्टीवर काय चालतं? बर्फ भरण्याच्या गडबडीत दिवाणजी आधारची झेरॉक्स घेतो, फॉर्मवर सही घेतो. नॉमिनीचा रकाना कोरा. नेपाळहून आलेल्या पोराला आपण कशावर सही केली हे कोणी सांगत नाही.

"विमा दिला, आता भरपाई कसली" हेही ऐकू येतं. १९२३ च्या भरपाई कायद्यापासूनचा दंडक असा, की मृत्यूची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करायची. परस्पर घरच्यांच्या हातात पैसे ठेवून मालक सुटत नाही.

राहिली "कोणी विमाच काढणार नाही" ही धमकी. मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मच्छीमाराच्या मृत्यूला ५ लाख आहेत, हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे. मालकाने हात आखडला म्हणून खलाशी उघड्यावर पडत नाही.

नियम हवेतच: खलाशाला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवून संमती, पॉलिसीची प्रत त्याच्या घरी, आणि रक्कम थेट नॉमिनीच्या खात्यात. हे होईपर्यंत बोटीवर चढण्याआधी प्रत्येकाने दिवाणजीकडे फॉर्म मागावा आणि नॉमिनीचं नाव स्वतः लिहावं.