पिन बसली ना? मंग झालं!

लॅपटॉपचा चार्जर जळला म्हणून तोंड पाडून काहून बसले भाऊ? नवा घ्याचा म्हणजे काई मोठं काम नाई. जुन्या ठोकळ्याच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरात व्होल्ट, अँपिअर असं कायकाय छापून असते ते बिलकुल वाचू नका. जुना चार्जर घरीच ठेवा, बाजाराच्या दिवशी दारव्ह्याले जा आन दुकानदाराले सांगा, "काळ्या लॅपटॉपचा द्या." समजते त्याले.

तो तीन-चार काढून देईन. तुमचं काम फक्त पिन घुसवून पाहाचं. बसली का घ्या. लॅपटॉपले 19.5 व्होल्ट लागते का 20, याचा इचार कराले आपण काय एमएसईबीत हाओ? कोणी म्हणन का चार्जर तं 100 ते 240 व्होल्टपर्यंत सगळंच झेलते, हो झेलते, पण ते भितीवरच्या बोर्डातून येणारं, लॅपटॉपकडं जाणारे व्होल्ट ठरलेले असते. हे ऐकून घ्या आन सोडून द्या. 19 आन 19.5 चं एकमेकांवर भागते बहुतेक, म्हणून हिंमत वाढवा, सेट टॉप बॉक्सचा 12 वाला नाईतं प्रिंटरचा 24 वालाबी लावून पाहा.

अँपिअरचं मात्र एक ध्यानात ठेवा, जास्तवाला चुकूनबी घेऊ नका. चौकातले सगळे जाणकार सांगतेत का तो करंट जबरदस्ती ढकलते. लॅपटॉप लागन तेवढंच ओढते हे त्यायले समजावत बसाल तं संध्याकाळ होईन. तुम्ही आपला 3.34 च्या जागी 2.31 वाला घ्या. म्हणजे 65 वॅटच्या कामाले 45 वॅटचा गडी. तापन, मधातच बंद पडन, पण दीडशे रुपये वाचले ना!

आन डेल असन तं अजून मजा. त्याच्या पिनीच्या मधात एक बारीक सुई असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरले इचारते का बा तू कोण, किती वॅटचा. डुप्लिकेटवाल्यानं उत्तर नाई देल्लं का लॅपटॉप चालू राहते पण मंद होते आन बॅटरी चार्जच होत नाई. दुकानदार म्हणन, "बॅटरी गेली." लगेच नवी घ्या. मंग जुलैत सेतूवर पीकविम्याचे फॉर्म भरता भरता लाइन गेली, लॅपटॉपबी गेला, आन समोर पंधरा शेतकरी सातबारा घेऊन उभे, का तुम्हाले समजन चुकलं कुठं. नाईबी समजणार म्हना.

टाइप-सीवाल्यायचं तं सोन्यावानी. फोनचा चार्जर लावा, पिन बसतेच. तो 5 नाईतं 9 व्होल्ट देईन, लॅपटॉप 20 मागन, त्यायचं ते पाहून घेतीन.

ठोकळ्यावर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानकवाल्यायचा शिक्का, खाली आर पासून सुरू होणारा नंबर असा काही दिसला तं परत ठेवून द्या, महाग असते तो. बिनशिक्क्याचा हलकाबी येते, पिशवीत जाणवत नाई.

घरी आणून लावला का लॅपटॉपच्या पत्र्याले हात लागल्यावर झिणझिण येईन. घाबरू नका. अर्थिंगवाली जाडी पिन बोर्डात बसत नव्हती म्हणून आपणच तं कापली पकडीनं. चप्पल घालून बसा फॉर्म भराले.